चमचाभर इसबगोल, पेलाभर पाणी

काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, त्यात इसबगोलची दोन चमचे भुशी भुरभुरवा, एकदा ढवळा आणि पाच मिनिटं पेल्याला हात लावू नका. आधी फिकट पापुद्रे नुसतेच तरंगताना दिसतात. मग ते फुगतात, त्यांच्या कडा पारदर्शक होतात, ते एकमेकांना धरू लागतात. पाच मिनिटांनी पेला तिरका केलात तर पाणी वाहत नाही, सगळा बुळबुळीत लगदा एकसंध सरकतो.

या वेळी इसबगोलवर आलेल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर त्या पेल्यात आहे. भुशी रक्तात शोषली जात नाही, आतड्यातले जिवाणूही तिला फारसं फोडू शकत नाहीत. तोंडात गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत ती एकच काम करते, पाणी धरून ठेवते. तिचा गुण त्यातूनच येतो आणि उपद्रवही त्यातूनच. (जाता जाता : फारसीत ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘गोल’ म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखी, म्हणून इसबगोल. ग्रीकांना याच कुळातल्या बिया पिसवांसारख्या दिसल्या, त्यावरून ‘सायलियम’. डब्यावर कोणतंही नाव असलं तरी आतली भुशी बीच्या वरच्या पापुद्र्याचीच असते.)

प्रश्न : तीन आठवडे रोज झोपताना दोन चमचे इसबगोल तोंडात टाकतो आणि वर दोन घोट पाणी पितो. पोट साफ व्हायचं सोडून जास्तच गच्च झालंय. एकदा तर छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. हे मला सोसत नाही का?

इसबगोल सोसत नाही असं नाही, तुमची घ्यायची पद्धत चुकते आहे. त्यातली पहिली चूक धोक्याची आहे, ती आजपासून बंद करा. कोरडी भुशी घशाच्या ओलाव्याला लागली की तिथेच फुगायला लागते. ती अन्ननलिकेत अडकली तर दुर्बीण घालून काढावी लागते. अमेरिकेत तर अशा पाकिटांवर ‘पुरेसं पाणी न घेतल्यास घसा किंवा अन्ननलिका बंद होऊ शकते, किमान २४० मिली द्रवाबरोबर घ्या’ असा इशारा छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. छातीत अडकल्यासारखं पुन्हा झालं, किंवा एरवीही घास अडकत असेल, तर इसबगोल थांबवा आणि आधी अन्ननलिका तपासून घ्या.

दुसरी चूक पाण्याची. दोन घोटांत भुशीची तहान भागत नाही. मग ती आतड्यातलं पाणी ओढते आणि तयार होतो घट्ट, चिकट गोळा. तुम्हाला वाटणारा गच्चपणा बहुधा तोच आहे.

तिसरी चूक वेळेची. घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये. रात्रीच घ्यायचं तर झोपण्याआधी निदान तासभर मध्ये जाऊ द्या.

आता घ्यायचं कसं ते सांगतो. पेल्यात आधी २५० मिली पाणी घ्या. भुशी नंतर घालायची, तीही एकदम ओतायची नाही, ढवळत ढवळत भुरभुरवायची. एकदम ओतली की ढिगाचा बाहेरचा थर भिजून चिकट होतो आणि आतली भुशी कोरडीच बंद होऊन बसते. गुठळी म्हणतात ती हीच. कितीही ढवळलं तरी ती फुटत नाही. दहा सेकंद ढवळा आणि एका दमात प्या. पेल्याला चिकटलेली भुशी थोडं पाणी घालून विसळून प्या आणि वर आणखी एक पेला साधं पाणी घ्या. मधेच फोन आला आणि पेल्यातलं घट्ट झालं, तर चमच्याने खात बसू नका, टाकून द्या आणि नवीन करा. पाण्याऐवजी दूध किंवा फळांचा रस चालतो. भुशीला द्रव हवा, तो कोणता याचं तिला सोयरसुतक नाही.

आणखी एक. हे रेचक चूर्णासारखं रात्री घेतलं की सकाळी हमखास, असं नसतं. परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात. पहिल्याच सकाळी काही झालं नाही म्हणून दुसऱ्या रात्री दुप्पट घेणारे बरेच असतात आणि तिसऱ्या दिवशी पोट फुगल्याची तक्रार करणारेही बहुतेक तेच असतात.

प्रश्न : नेमकं किती घ्यायचं? कोणी एक चमचा सांगतं, कोणी तीन. चव आवडत नाही म्हणून कॅप्सूल घेतल्या तर?

चमचा हे इथे फसवं माप आहे. अख्ख्या पापुद्र्यांची भुशी हलकी असते, सपाट चहाच्या चमच्यात ती साधारण दीड ते दोन ग्रॅम बसते. तीच बारीक दळलेली असेल तर तेवढ्याच चमच्यात वजन बरंच वाढतं. साखर आणि स्वाद घातलेल्या तयार पावडरीत उलटा प्रकार असतो. भरल्या मोठ्या चमच्यात १२ ग्रॅम पावडर आणि त्यात भुशी जेमतेम ३.४ ग्रॅम, असे डबे सर्रास असतात. म्हणून डब्यावर ‘प्रति मात्रा’ या ओळीत भुशी किती ग्रॅम आहे ते वाचा. सुटी भुशी असेल तर तुमच्या नेहमीच्या चमच्याने दहा चमचे वजनकाट्यावर मोजा आणि दहाने भागा. एकदाच करायचं काम आहे, पुढे आयुष्यभर कामाला येतं.

बद्धकोष्ठतेसाठी प्रौढांना दिवसाला ७ ते ११ ग्रॅम भुशी, एक ते तीन वेळांत विभागून, ही युरोपीय औषध संस्थेने मान्य केलेली मात्रा. तिथे पहिल्याच दिवशी पोहोचायचं नाही. पहिला आठवडा दिवसातून एकदा ३ ते ४ ग्रॅम. पोट फुगलं नाही, तर दुसऱ्या आठवड्यात तेवढंच दोनदा. गरज उरलीच तर तिसरी वेळ. निरनिराळ्या चाचण्यांचे निकाल २०२२ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा दिवसाला १० ग्रॅमच्या वर आणि निदान चार आठवडे घेतलेल्यांना सर्वांत चांगला गुण आल्याचं दिसलं. म्हणजे चमचाभर घेऊन आठवड्याने ‘काही होत नाही’ म्हणणं घाईचं आहे.

कॅप्सूलचं गणित बघा. एका कॅप्सूलमध्ये भुशी मावते सुमारे अर्धा ग्रॅम. १० ग्रॅमसाठी वीस कॅप्सूल गिळाव्या लागतील आणि प्रत्येक वेळी पेलाभर पाणी लागेलच. दोन कॅप्सूल घेऊन समाधान मिळतं, एक ग्रॅम भुशी मिळते.

प्रश्न : इसबगोल बद्धकोष्ठतेवर देतात आणि जुलाबांवरही. दोन्ही कसं खरं असेल? मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडं हळवं होण्याचा विकार) आहे, कधी हे कधी ते. कोंडा खाऊन पाहिला तर दुखणं वाढलं.

दोन्ही खरं आहे, आणि तुमच्यासारख्यांना त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम म्हणजे मळातलं पाणी परत शोषून घेणं. मळ तिथे जितका रेंगाळेल तितका कोरडा होतो आणि खडे बनतात. इसबगोलने धरलेलं पाणी आतड्याला सहजी काढून घेता येत नाही, म्हणून मळ शेवटपर्यंत मऊ आणि आकाराने मोठा राहतो. जुलाबात परिस्थिती उलट असते, मोकळं पाणी जास्त झालेलं असतं. तेच पाणी भुशी धरते आणि पातळ मळाला बांधणी येते. काम एकच, आतली स्थिती वेगळी म्हणून निकाल वेगळा. मळ मऊ करण्यासाठी डॉक्यूसेट नावाचं औषध देतात. त्याच्याशी इसबगोलची तुलना १९९८ मध्ये १७० जणांवर झाली होती. मळातलं पाणी वाढवण्यात ५.१ ग्रॅम दोनदा घेतलेली भुशी सरस ठरली.

कोंड्याने दुखणं वाढलं यात नवल नाही. सगळा चोथा, म्हणजे अन्नातले न पचणारे तंतू, एका जातीचा नसतो. गव्हाचा कोंडा पाण्यात विरघळत नाही, लगदा होत नाही. तो आतड्याच्या अस्तराला घासून काम करतो आणि आयबीएसमध्ये अस्तर आधीच हळवं झालेलं असतं. नेदरलँड्समध्ये आयबीएसच्या २७५ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला रोज १० ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला १० ग्रॅम कोंडा, तिसऱ्याला तांदळाचं पीठ, असं १२ आठवडे दिलं. पहिल्या महिन्यात पुरेसा आराम वाटला असं सांगणारे इसबगोलच्या गटात ५७ टक्के होते, पिठाच्या गटात ३५ टक्के. कोंड्याच्या गटात त्रास वाढला म्हणून अनेकांनी चाचणीच सोडली. पिठानेही ३५ टक्क्यांना बरं वाटलं हा आकडा विसरू नका. आयबीएसमध्ये ‘मला लागू पडलं’ या वाक्याला किती वजन द्यायचं ते त्यावरून कळतं.

गॅसची भीती अनेकांना असते. गॅस होतो तो जिवाणूंनी चोथा आंबवल्यामुळे. इन्युलिनसारखे तंतू झटकन आंबतात, म्हणून ते घातलेल्या पावडरींनी पोट डमरूसारखं होतं. इसबगोल फार कमी आंबतं. पोट फुगलंच तर मात्रा एकदम वाढवली का आणि डब्यातल्या घटकांच्या यादीत इन्युलिन आहे का, या दोन गोष्टी आधी पाहा.

तुम्ही ३ ग्रॅमपासून सुरू करा, दर आठवड्याला ३ ग्रॅम वाढवा, १० वर थांबा. जुलाबांच्या दिवसांतही पाणी कमी करू नका. मात्र ताप, शौचातून रक्त, किंवा अचानक सुरू झालेले जोराचे जुलाब ही इसबगोलची जागा नाही. तिथे जलसंजीवनी आणि डॉक्टर.

प्रश्न : दोन महिने रोज १५ ग्रॅम, भरपूर पाण्यासह, अगदी नियमाने. तरी आठवड्यातून दोनदाच शौचाला होते, आणि तेही बराच वेळ जोर करून. मात्रा वाढवू का?

वाढवू नका. इतकं नीट करूनही गुण नाही, म्हणजे अडचण मळाच्या कोरडेपणाची नसावी.

जर्मनीत जुनाट बद्धकोष्ठतेच्या १४९ रुग्णांना दिवसाला १५ ते ३० ग्रॅम इसबगोल किमान सहा आठवडे दिलं होतं. तपासणीत दुसरा काही दोष न सापडलेल्यांपैकी ८५ टक्के सुधारले. आतड्याची चालच मंद होती त्यांच्यातल्या ८० टक्क्यांना आणि मळ बाहेर टाकण्याची क्रियाच बिघडलेली होती त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांना काहीही फरक पडला नाही. मळ बाहेर टाकताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडायला हवेत. काहींचे नेमके त्याच वेळी आवळले जातात. दार बंद आणि मागून माल वाढवायचा, असा तो प्रकार होतो. बराच वेळ जोर करावा लागणं, झाल्यावरही पूर्ण झालं नाही असं वाटणं, बोटाने मदत करावी लागणं, ही त्याची लक्षणं. त्यावर स्नायूंना सैल पडायला शिकवणारा बायोफीडबॅक हा उपचार आहे आणि तो बराच परिणामकारक आहे. पोटविकारतज्ज्ञांना थेट हेच विचारा : ‘माझी मळ बाहेर टाकण्याची क्रिया तपासायची का?’

तुमचं वय पत्रात नाही म्हणून सर्वांसाठी लिहितो. शौचातून रक्त, कारणाविना घटणारं वजन, रक्तक्षय, उलट्यांसह पोटदुखी, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलून दोन आठवड्यांहून जास्त टिकणं, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी करा. भुशीने लक्षण झाकलं जातं, कारण तसंच राहतं.

प्रश्न : माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८ आलंय. डॉक्टर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सुरू करायचं म्हणतात. मला गोळी नको आहे. इसबगोलने कोलेस्टेरॉल उतरतं असं वाचलं. किती उतरेल?

उतरतं, हे खरं आहे. वनस्पतिजन्य पूरकांबद्दलचे जे दावे ऐकू येतात, त्यातला हा बऱ्यापैकी पक्क्या पायावरचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्येच इसबगोलच्या पाकिटांवर हृदयविकाराचा धोका घटण्याविषयीचं विधान छापायला परवानगी दिली, दिवसाला ७ ग्रॅम विद्राव्य तंतू मिळण्याच्या अटीवर. तेवढे तंतू मिळायला सुमारे १० ग्रॅम भुशी लागते.

हे घडतं कसं? यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि चरबी पचवायला ती आतड्यात सोडतं. काम झालं की त्यातली बहुतेक पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जातात आणि पुन्हा वापरली जातात. भुशीचा लगदा त्यातली काही अडकवून मळाबरोबर बाहेर नेतो. तूट भरायला यकृताला नवी बनवावी लागतात, त्यासाठी ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. म्हणूनच वेळ महत्त्वाची. पित्त उतरतं ते जेवणाच्या वेळी, तेव्हा भुशीही त्याच वेळी आत हवी. जेवणाआधी पाच-दहा मिनिटं किंवा जेवणाबरोबर, दोन-तीन वेळांत विभागून. कोलेस्टेरॉलसाठी म्हणून झोपताना सगळी मात्रा एकदम घेणं म्हणजे बस गेल्यावर थांब्यावर उभं राहणं.

आता ‘किती’. एकत्रित तपासलेल्या २८ चाचण्यांत दिवसाला साधारण १० ग्रॅमने एलडीएल सरासरी १३ मिलिग्रॅमने खाली आलं. तुमचं १५८ वरून १४५ च्या आसपास. स्टॅटिन एलडीएल ३० ते ५० टक्के खाली आणतं. दोघांची बरोबरी नाही. तुम्हाला गोळीची गरज आहे की नाही हे केवळ या १५८ वरून ठरत नाही. रक्तदाब, साखर, तंबाखू, घरातला हृदयविकार हे सगळं धरून ठरतं. आधी झटका येऊन गेला असेल किंवा मधुमेह असेल, तर भुशीच्या भरवशावर गोळी टाळू नका. धोका खरोखर कमी असेल, तर डॉक्टरांना विचारून तीन महिने भुशी, आहार, व्यायाम आणि मग पुन्हा तपासणी, हा रीतसर मार्ग आहे.

तिसरा मार्ग लोकांच्या लक्षात येत नाही : दोन्ही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन अधिक रोज १५ ग्रॅम इसबगोल यांनी एलडीएल तेवढंच उतरलं, जेवढं २० मिलिग्रॅम गोळीने एकटीने उतरवलं. गोळीच्या मोठ्या मात्रेने अंग दुखतं म्हणणाऱ्यांनी हे डॉक्टरांपुढे जरूर काढावं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या जातीची चरबी) वाढलेली असतील तर मात्र इसबगोलकडून फार अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : आईला मधुमेह, थायरॉइड आणि रक्तक्षय आहे. सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी, नाश्त्यानंतर साखरेची, दुपारी लोहाची. तिला इसबगोल द्यायचं कोणत्या वेळी? साखरेवर परिणाम होतो का?

वेळ आधी ठरवू. पेल्यातला तो लगदा फक्त पाणी धरत नाही, गोळीतलं औषधही त्यात अडकतं आणि उशिरा किंवा कमी शोषलं जातं. म्हणून सर्वसाधारण नियम असा, की इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. थायरॉइडची गोळी या बाबतीत फारच नाजूक. तिच्यासाठी मी दोन तासांवर समाधान मानत नाही, दिवसाचं दुसरं टोकच गाठावं. लिथियम, कार्बामाझेपिन, डिगॉक्सिन, वॉरफरिन घेणाऱ्यांनी इसबगोल सुरू करतानाही आणि बंद करतानाही डॉक्टरांना कळवावं. बंद करतानाही, कारण भुशी थांबली की तेच औषध अचानक जास्त शोषलं जाऊ शकतं.

आईंच्या वेळापत्रकात रात्रीच्या जेवणाआधीची जागा मोकळी दिसते. थायरॉइड सकाळी, लोह दुपारी, इसबगोल रात्री जेवायला बसताना. रात्रीही साखरेची गोळी असेल तर तिच्या वेळेचं डॉक्टरांशी बोलून घ्या. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एकदा तपासा.

साखरेवर परिणाम होतो, आणि साखर जितकी बिघडलेली तितका जास्त. लगद्यामुळे अन्नातली साखर हळूहळू सुटते. निरोगी माणसात आकडा जवळजवळ हलत नाही. टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांत, जेवणाआधी भुशी घेतल्यावर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर सांगणारी तपासणी) सरासरी जवळपास १ टक्क्याने घटल्याचं एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर पहिले दोन आठवडे घरी साखर जास्त वेळा मोजा. हातपाय थरथरणं, घाम, एकदम भूक असं झालं तर साखर उतरलेली असू शकते. आणि मधुमेह्यांनी गोड चवीचा डबा आणू नये हे सांगायला नको, पण तसे आणले जातात. ‘शुगर फ्री’ डब्यात बहुधा ॲस्पार्टेम असतं. ते फेनिलकीटोन्युरिया या जन्मजात विकारात चालत नाही, इतरांना त्याची अडचण नाही.

प्रश्न : सहा वर्षं एक हर्बल पोटसाफ चूर्ण घेतोय. आता त्याशिवाय होतच नाही आणि मात्राही वाढवावी लागते. त्यात इसबगोल आहे असं डब्यावर लिहिलंय. इसबगोलची सवय लागते का?

इसबगोलची नाही लागत. घटकांची यादी पुन्हा वाचा, बहुधा सोनामुखी सापडेल. डब्याच्या दर्शनी बाजूला इसबगोलचं चित्र आणि मागे बारीक अक्षरांत सोनामुखी, ही जुनी खोड आहे. सोनामुखी आतड्याला चाळवते, त्याला आकुंचन पावायला लावते. अधूनमधून घ्यायला ते चांगलं औषध आहे, पण रोजच्या वापरासाठी सहा वर्षं हा काळ फार झाला. सोनामुखीही वनस्पती आणि इसबगोलही वनस्पती, त्यामुळे ‘हर्बल आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही.

चूर्ण एका दिवसात तोडू नका. आधी साधी भुशी सुरू करून दोन आठवड्यांत १० ग्रॅमपर्यंत न्या. मग चूर्ण एक दिवसाआड, पुढच्या आठवड्यात दोन दिवसांआड. सकाळी नाश्त्यानंतर वीसेक मिनिटांनी, लागो न लागो, शौचाला बसा. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं, त्या हालचालीचा फायदा घ्यायचा. पायाखाली वीतभर उंचीचं पाटासारखं काही घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. सहा आठवड्यांनीही चूर्ण सुटलं नाही तर वरचा, दोन महिने गुण न आलेल्यांना दिलेला सल्ला तुम्हालाही लागू.

प्रश्न : सासरे ८१ वर्षांचे आहेत. पक्षाघातानंतर अंथरुणावरच असतात. पाणी पिताना ठसका लागतो. पाच दिवस शौच नव्हती, आता थोडं थोडं पातळ होतंय. दोन्हीवर चालतं म्हणून इसबगोल देऊ का?

देऊ नका. एक चमचाही नाही.

ठसका लागणाऱ्या माणसाला घशात फुगणारी वस्तू द्यायची नसते, हे पहिलं कारण. दुसरं याहून चुकवणारं आहे. पाच दिवस काही नाही आणि मग थोडं थोडं पातळ, नकळत कपड्यांत होणारं, हे जुलाब नसण्याचीच शक्यता जास्त. गुदाशयात कडक मळाचा गड्डा अडकतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. त्यावर जुलाब थांबवणारं औषध दिलं किंवा भुशी दिली, तर अडथळ्यामागे आणखी माल साचतो. आजच डॉक्टरांना घरी बोलवा किंवा त्यांना नेऊन दाखवा. बोटाने तपासलं की मिनिटभरात कळतं, मग बस्ती देऊन किंवा हाताने तो मोकळा करतात.

जे फार हालचाल करत नाहीत, ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यावं लागतं, ज्यांना मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं चालू आहेत, ज्यांच्या आतड्यात कुठे अरुंदपणा आहे, त्यांनाही इसबगोल स्वतःच्या मनाने देऊ नये.

प्रश्न : वजन कमी होतं का? आणि आतड्याला चिकटलेली घाण निघते का?

जेवणाआधी घेतलं तर पोट भरल्यासारखं वाटून दोन घास कमी जातात. त्यापलीकडे काट्यावर फारसं काही दिसत नाही. आतड्याला चिकटलेली घाण वगैरे नसते. अस्तराच्या पेशी काही दिवसांत आपोआप बदलत असतात. शौचात दिसणारे पारदर्शक चिकट धागे दाखवून ‘ही बघा घाण’ म्हणतात ती तुम्हीच गिळलेली भुशी असते.

प्रश्न : गरोदरपणात, मूळव्याधीत आणि लहान मुलांना चालतं का?

गरोदरपणात चालतं, ते रक्तात जातच नाही. लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवा. मूळव्याधीत तर पहिला उपाय म्हणून घ्यावं. चोथा वाढवल्याने रक्त पडण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं असं चाचण्यांत दिसलं आहे, पण त्याला सहा आठवडे द्यावे लागतात आणि रक्त मूळव्याधीचंच आहे याची खात्री आधी करून घ्यावी लागते. सहा वर्षांखालच्या मुलांना नको. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना साधारण निम्मी मात्रा, डॉक्टरांना विचारून आणि मोठ्यांच्या देखत.

कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) ठरली असेल तर साधारण आठवडाभर आधी भुशी बंद करा. तिचा थर दुर्बिणीला चिकटतो आणि दिसायचं ते दिसत नाही.

प्रश्न : डबा उघडला की मला शिंका येतात, डोळे चुरचुरतात. पत्नीला काही होत नाही. जुना डबा आहे म्हणून का?

डब्याच्या वयाचा संबंध नाही, ही ॲलर्जीची सुरुवात असू शकते. भुशी बनवणारे कामगार आणि रुग्णांना ती वर्षानुवर्षं कालवून देणाऱ्या परिचारिका यांच्यात इसबगोलच्या धुळीने दमा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. त्रास होतो तो मुख्यतः बीच्या आतल्या भागातल्या प्रथिनांचा, भुशी नीट पाखडलेली नसेल तर त्यांचा चुरा तिच्यात राहतो. नुसत्या शिंका असतील तोवर गोष्ट सोपी वाटते. पण धुळीने अंग एकदा चेतलं की तीच भुशी पोटात गेल्यावर अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास कोंडणं असं घडू शकतं. तुम्ही पिणं आजपासून थांबवा आणि ॲलर्जीची तपासणी करून घ्या. पत्नींनी घ्यायला हरकत नाही. फक्त डबा त्यांनीच उघडावा, तुम्ही त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावं, आणि दळलेल्या पावडरीऐवजी अख्ख्या पापुद्र्यांची भुशी आणावी, तिची धूळ कमी उडते.